उजव्या हाताच्या गाठी

रविवार, ता. ९

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि तुझी ती खोकणारी स्कूटर, तिघंही धडधाकट असाल असं धरून चालते.

सुरुवातीलाच एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवते, म्हणजे पुढेमागे काही झालं तर माझ्या बाजूने लेखी पुरावा राहील. या घरात बरेच दिवस कुणालाही बसून जेवता आलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर होडीची नवी जाळी पसरली आहे. टेबलावरून ती खुर्च्यांवर आणि खुर्च्यांवरून टीव्हीवर पोचली आहे, आणि तिला हलवायची परवानगी फक्त कप्तानांना, म्हणजे तुझ्या भावोजींना आहे. आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून ताटल्या हातात धरून जेवतो, लग्नातल्या लांबच्या पाहुण्यांसारखे. फरक एवढाच, की इथे आग्रह करायला कुणी येत नाही.

काल खालच्या मजल्यावरच्या बाई आमचा नळ गळतो म्हणून भांडायला आल्या आणि जाळी बघून भांडण विसरल्या. मासे धरायला लागलात की काय, म्हणाल्या. मी त्यांना समजावलं, की आमच्या होडीला एक पोट नाही, शेजारी शेजारी ठेवलेल्या काकड्यांसारखी दोन अरुंद पोटं आहेत, आणि मधल्या रिकाम्या जागेवर ही जाळी ताणून बांधतात. तिच्यावर बसायचं, तिच्यावरच उभं राहून शीड ओढायचं. नाव ट्रॅम्पोलिन, पण उड्या मारायच्या नसतात. "म्हणजे खाली फळी वगैरे काहीच नाही?" त्यांनी विचारलं. नाही, खाली पाणी. त्या बराच वेळ जाळीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मग गाठी तेवढ्या नीट मारा हो. महिनाभरात या घरात इतकं शहाणपणाचं कुणी बोललेलं नाही.

जुनी जाळी का सुटली, ते कप्तानांनी तुला फोनवर सांगितलंच आहे. उन्हाने दोरी कुजली, तुटली, ते मांडीपर्यंत पाण्यात गेले, दोन्ही पोटं जोडणाऱ्या आडव्या नळीला धरून लटकले, मी हात दिला, वर आले, हसले. सगळं खरं आहे. निदान मांडीपर्यंत गेले आणि वर आले, एवढं तरी खरं आहे.

आता नवी व्यवस्था ऐक. होडी तुझी होती तेव्हापासून जाळी एकाच लांब दोरीने बांधलेली होती. जाळीच्या काठाची कडी, मग होडीचा हूक, पुन्हा कडी, पुन्हा हूक, अशी टाके घातल्यासारखी. शिडं शिवणारे काका म्हणाले, ही पद्धत सोडा. दोरी एका जागी गेली की सगळी बाजू उसवते. त्यांनी प्लास्टिकचे हूक नखाने दाबून दाखवले, तर बिस्किटासारखे मोडले. त्या जागी स्टीलच्या कड्या बसवा, आणि प्रत्येक कडीला वेगळा, आखूड दोर. एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात.

पटण्यासारखंच आहे. मला पटलं, कप्तानांना तर इतकं पटलं की त्यांनी तिथेच दोर कापायला घेतला. फक्त दुकानातून परत येताना माझ्या लक्षात आलं, की एका लांब दोरीला दोन टोकं असतात, म्हणजे गाठी दोनच. आणि आता जितक्या कड्या तितक्या गाठी.

तू लेकीला घेऊन पुढच्या आठवड्यात यायचं म्हणतोस. तिला लहानपणीसारखं जाळीवर पालथं पडून खालून पळणारं पाणी बघायचं आहे, असंही लिहिलंयस. जरूर या. पण थोडं पुढे ढकललंत तर बरं होईल. हवा भरवशाची नाही. शिवाय जेवायला टेबल नाही. शिवाय कप्तानांची मान दुखते आहे, काही विशेष नाही, झोपेत अवघडली असेल.

वहिनीला सांग, शर्टांची बटणं काढून तिथे बुटांना असते तशी चिकटपट्टी शिवून देणारा शिंपी तिच्या ओळखीचा असेल तर पत्ता कळव. असंच विचारते आहे.

तुझी,
धाकटी


मंगळवार, ता. १८

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. जाळी नवी, कड्या नव्या, दोर नवे, मग अडचण कसली, असं तू विचारलंस. आणि खाली वेगळ्या ओळीत, "बटणांचं काय?" लहानपणीही तू असाच होतास. मी दहा वाक्यं बोलायचे आणि तू नेमकी दडवलेली उचलायचास.

सांगते. आज ओट्यावर बसून लिहिते आहे, कारण टेबल मोकळं झालं तरी सवय राहिली.

त्या दिवशी दोरी तुटली नव्हती. तुटलेल्या दोरीचं टोक केसांसारखं पिंजारलेलं असतं. हे टोक आपण मेणबत्तीवर जाळून बंद करतो ना, तसंच्या तसं गुळगुळीत होतं. मी त्यांना वर ओढलं तेव्हा ते माझ्या मनगटाला घासलं. कप्तानांनी किनाऱ्याला लागताच दोरी गुंडाळून कचऱ्यात टाकली. इतकी घाई हा माणूस कधी करत नाही, घरात बंद पडलेली घड्याळंसुद्धा जपून ठेवलेली आहेत. सुटली होती ती गाठ. त्यांनी सकाळी बांधलेली.

मग मला एकेक दिसायला लागलं. शर्ट जाऊन टी-शर्ट आले होते. नाडीचे बूट जाऊन पट्टीचे आले होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला जात होता, आणि मी मूर्ख, मला वाटत होतं की वयाबरोबर हा माणूस जरा रसिक होत चाललाय. मी विचारलं की उत्तर ठरलेलं: जाळी होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला. जाळी मात्र होत नव्हती. ते टेबलापाशी बसून एकच दोर कडीतून ओवायचे, सोडायचे, पुन्हा ओवायचे. मी स्वयंपाकघरात भांडी मुद्दाम वाजवत राहायचे, म्हणजे मी ऐकत नाही असं त्यांना वाटावं.

शेवटी त्यांनी जाळी होडीवर नेली आणि सगळ्या गाठी एकट्याने बांधून आले. मला येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपलेले असताना मी गेले आणि एकेक गाठ ओढून पाहिली. काही होत्या. काही नुसत्या तशा दिसत होत्या. बोट घातलं की उघडत होत्या. आणि तुझी लेक त्याच गाठींच्या भरवशावर पालथी पडणार होती.

मी सगळ्या सोडून पुन्हा बांधल्या. आता एक अडचण बघ. मी डावखुरी. माझ्या गाठीची शेपटी डावीकडे निघते, त्यांची उजवीकडे. त्यांना कळू नये म्हणून मी प्रत्येक गाठ उजव्या हाताने बांधली. जन्मात कधी उजव्या हाताने सुईत दोरा ओवला नाही, ती मी त्या धक्क्यावर जीभ बाहेर काढून बसले होते, पहिलीतल्या पोरीसारखी.

तूच मला एकदा सांगितलं होतंस, आठवतं? आम्ही होडी तुझ्याकडून घेतली त्या पहिल्या वर्षी माझी एकही गाठ धड नसायची, आणि मी पाठ फिरवली की ते ती सोडून पुन्हा बांधायचे. वर म्हणायचे, तुझ्या गाठी छान बसायला लागल्या हं. तू हे सांगितलंस तेव्हा मी त्यांच्याशी आठवडाभर धड बोलले नव्हते. आणि का, ते त्यांना अजून माहीत नाही.

काल डॉक्टरकडे गेलो. मीच वेळ घेऊन ठेवली होती. डॉक्टरांनी त्यांना माझ्या ओढणीला गाठ मारायला सांगितली. ते प्रयत्न करत राहिले, डॉक्टर बघत राहिले, मी भिंतीवरच्या मणक्याच्या चित्रातली हाडं मोजत राहिले. कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. मला वाटलं आता कुजलेल्या दोरीची गोष्ट येणार. कप्तान म्हणाले, "दोरी तुटली नव्हती. माझी गाठ सुटली." डॉक्टरांना काय कळणार त्यातलं, ते कागदावर लिहीत राहिले. ते वाक्य माझ्यासाठी होतं.

मानेतली नस दबली असेल, तर बरं होण्यासारखं आहे. दुसरंही काही असू शकतं, त्याचं नाव डॉक्टरांनी घेतलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तपासण्यांचे निकाल शुक्रवारी येतील. तोवर मी रोज सकाळी उठून आधी त्यांच्या हातांकडे बघते आणि मग दात घासते.

तिथून थेट होडीवर गेलो, त्यांचाच हट्ट. त्यांनी जाळीच्या काठाने प्रत्येक गाठीवरून बोट फिरवलं. पार पुढच्या टोकाशी थांबले. तिथे मी दमून विसरले होते, शेपटी डावीकडे. मला म्हणाले, "ही तुझी."

"हो."

"बाकीच्या?"

मी ती डावी शेपटी उगाच घट्ट ओढली. त्यांनी मान हलवली आणि जाळीच्या मधोमध जाऊन सगळं वजन टाकून बसले. जाळी करकरली, हलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, एक तरी मला बांधू दे.

मी मागच्या कोपऱ्यातली एक सोडून दिली. त्यांना खूप वेळ लागला. शेजारच्या होडीवरचा माणूस मदत करू का म्हणून आला, त्याला मी हवामानाबद्दल इतकं विचारलं की तो कंटाळून परत गेला. गाठ झाली. मी म्हणाले, छान बसली आहे हं.

तेव्हा आता ऐक. या शनिवारी लेकीला घेऊन ये, पुढे ढकलू नकोस. निकाल काही का असेना, मला घरात तू हवा आहेस. सुकाणू तू धरायचं, शीड मी ओढेन, कप्तान जाळीवर बसून आपल्या दोघांच्या चुका काढतील. लेक त्यांच्या शेजारी पालथी पडली तरी चालेल; मी प्रत्येक कडी पाहिली आहे. आणि मागच्या कोपऱ्यातल्या गाठीचं त्यांच्यापाशी कौतुक कर.

काल निघताना ते गाडी काढायला पुढे गेले, तेव्हा मी ती सोडली आणि पुन्हा बांधली. उजव्या हाताने. आता तेवढा वेळ लागत नाही.

त्यांना सांगू नकोस. मलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

तुझी,
डावखुरी धाकटी