मागच्या बाजूची भिंत

२ एप्रिल

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

घराला बाहेरून रंग द्यायला चांगले कारागीर लावतोयस हे वाचून बरं वाटलं. मागच्या भिंतीवर पावसाचा सगळा मारा असतो आणि माझ्या दोन खोल्या नेमक्या त्याच बाजूला, म्हणून स्वार्थाने सांगते. पोपडे नीट खरवडून घे, भेगा बुजव, पाणी अडवणारं अस्तर लाव आणि मगच रंगाचे दोन हात दे.

महिनाअखेर मी निवृत्त होते. जन्मभर दवाखान्यात सगळ्यांची सिस्टर झाले, आता तुझी एकट्याची बहीण व्हायला येते. ओला टॉवेल पलंगावर टाकलास तर ओरडा खाशील, आत्ताच सांगून ठेवते.

वहिनीला आशीर्वाद. लोभ आहे तो वाढावा.
ताई

१० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परांची बांधून झाली. मुकादम भलताच कडक आहे. बादलीला पाय लागला म्हणून काल माझ्यावरच डाफरला! तुझी भिंत सगळ्यांत आधी घेतली. खरवडून, अस्तर देऊन, अगदी तू लिहिलंस तसं.

फक्त एवढ्यात निघू नकोस. इथे धुळीने जीव नकोसा झालाय. दोन-तीन महिने तिकडेच निवांत राहा. आम्हीही लेकीकडे जातोय, पत्र तिथल्या पत्त्यावर घाल.

तब्येतीला जप. लोभ असू द्यावा.
तुझा बंड्या

१ मे

चि. बंड्यास,
आशीर्वाद.

हे पत्र घरातून लिहितेय, माझ्या मागच्या खोलीतून. दवाखान्याचं क्वार्टर रिकामं करून द्यावं लागलं. तुला न कळवता आले, कारण धक्का द्यायचा होता. तो बसला मलाच.

पुढची भिंत अशी झालीय की हात फिरवत राहावा. मग मागे गेले. हात टेकला तर नव्या रंगासकट पोपडा हातात आला. आतली भिंत ओलीच. मुकादमाला विचारलं, तर तो सहज म्हणाला की या बाजूला नुसता एक हात मारायला सांगितलंय, पावसाळ्यानंतर हे पाडून मालकांच्या जावयाचं गॅरेज होणार आहे. वर मलाच विचारलं की आपण कोण. मी बहीण म्हटल्यावर बिचारा परांचीवरून खाली उतरला.

बाबांनी या खोल्या माझ्या नावावर केल्या, तेव्हा तूच शेजारी बसला होतास. जागा हवी होती तर मागायचीस. मी दिली असती की नाही, मलाही ठाऊक नाही. पण तू विचारलं तर असतंस. तुझी भिंत आधी घेतली, हे वाक्य मी वॉर्डातल्या मुलींना वाचून दाखवलं होतं, बंड्या. भाऊ असावा तर असा, म्हणाल्या त्या.

ताई

५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. जावयाला गॅरेजची भाड्याची जागा सोडावी लागतेय, लेक रोज रडते. माझी अवस्था समजून घे. तू आलीस की समोर बसवून सांगणारच होतो. तू मला कधी नाही म्हटलेलं नाहीस, त्या भरवशावर होतो. तुला काय रस्त्यावर सोडणार होतो? माडीवरची खोली तुझ्यासाठीच ठेवली होती. ही म्हणते, एकट्या जिवाला जागा लागते तरी किती.

मुकादमाला काम थांबवायचा निरोप दिलाय. मी येईपर्यंत कुणाकडे काही बोलू नकोस, उगाच शोभा होते.

राग सोड. लोभ आहेच, तो असाच राहावा.
बंड्या

१३ मे

चि. बंड्यास,
आशीर्वाद.

फोन मुद्दामच उचलला नाही. तोंडाला येईल ते बोलले असते. लिहिताना थांबता येतं.

मुकादमाने तुझा निरोप सांगितला. मी त्याला म्हटलं, पुढचं काम त्यांचं, मागचं माझं. त्याने दुसऱ्याच दिवशी तिघं मागे लावले. भिंत पार विटांपर्यंत खरवडली, सुकू दिली, भेगा बुजवल्या. आज अस्तराचा पहिला हात झाला.

मी तुला कधी नाही म्हटलं नाही, हे खरं. तू कॉलेजात गेलास आणि मी नोकरीला लागले, तेव्हाही नाही. आता म्हणते. खोल्या पाडायच्या नाहीत. लेकीला सांग, आत्या तिच्यावर रागावलेली नाही. आणि एकट्या जिवाला किती जागा लागते, ते वहिनीला सांग. दोन खोल्या लागतात, आणि कोरडी भिंत.

तुमच्या आणि माझ्या खोल्यांमधलं दार मी आतून लावून घेतलंय. आधी चार रात्री डोळा लागला नाही, दार लावलं आणि लागला. ये-जा मागच्या अंगणातून करते. तू आलास की ये, चहा करीन. पण पूर्वीसारखा सरळ आत येऊ नकोस. अंगणातून हाक मार आणि मी दार उघडेपर्यंत थांब.

लोभ आहेच. त्याची वृद्धी व्हावी, असं या खेपेला लिहवत नाही.

ताई