रोपांवरून फिरवलेला हात

तीर्थरूप बाबांना,
बुटकीचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बोलायला माणसं कमी, पण प्रयोगशाळेत रोपांचे आठ ट्रे आहेत.

परवा फजिती झाली. एका ट्रेमधली रोपं बाकीच्यांपेक्षा बुटकी आणि जाड निघाली. मॅडमनी विचारलं, "यांना काय केलंस?" तेव्हा लक्षात आलं. रोज सकाळी आल्या आल्या दाराजवळच्या त्या ट्रेवरून मी हात फिरवते, तुम्ही नर्सरीत फिरवायचात तसाच. महिन्याची मेहनत पाण्यात!

स्पर्श झाला की रोपातली काइनेज नावाची प्रथिनं आत निरोप पोचवतात, ताणाचं संप्रेरक वाढतं, आणि रोप उंचीचा नाद सोडून खोड भक्कम करतं. तुम्ही म्हणायचात, "कुरवाळलेलं रोप वाऱ्यात पडत नाही." मी हसायचे.

रोपांनंतर तोच मातीचा हात माझ्या डोक्यावरून फिरायचा. माझी उंची का खुंटली, ते आता कळलं! पण बाबा, इथे मी अजून पडलेली नाही.

हाताची थरथर कमी झाली का? नसली तरी रोपांवरून फिरवत जा. थरथरता हात त्यांना चालतो.

मलाही चालेल.

तुमची,
बुटकी