चहाबरोबर गिळलेल्या गोळ्या

माय, कारण सांगायला तुझं काय जात होतं? तीस वर्षं या हॉस्टेलात लोकांच्या पोरींना रांधून घातलंस. अंबाडीची भाजी लोखंडी कढईतच करायची म्हणालीस, पालकावर लिंबू पिळल्याशिवाय पातेलं स्वयंपाकघराबाहेर जाऊ दिलं नाहीस, आणि मी का म्हणून विचारलं की पळी उगारायचीस. “कर म्हणलं की कर. तोंड नको चालवू.” चौथीतून काढून मला हाताखाली घेतलंस, तर चौथी शिकलेल्या पोरीला कळेल एवढं एक कारण द्यायचं होतंस. भाजी काळी पडायची. अंबाडीला गोंगुरा म्हणणाऱ्या पोरी नाक मुरडायच्या, “अम्मा, गोंगुरा जल गया क्या?” आणि तू हसत हसत वर आणखी एक पळी वाढायचीस. “काळी हाय म्हणूनच अंगी लागती,” एवढंच तुझं उत्तर. मला ते अडाण्याचं बोलणं वाटायचं. म्हणून तू गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी कढई माळ्यावर टाकली आणि जर्मनची, ॲल्युमिनियमची पातेली काढली. भाजी हिरवी दिसायला लागली, पोरी खूश, मीही खूश.

आता राज्याची वाटणी झालीय. आमच्या सरकारी ऑफिसातली निम्मी माणसं दुसऱ्या राज्यात गेली, उरलेल्यांना कुठं बसायचं ते ठाऊक नाही, सामानाच्या याद्या रोज नव्या निघतात. जामबागच्या या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मात्र मी जागची हलले नाही. त्या गडबडीतच रक्तवाढीच्या लाल गोळ्यांचे डबे आले. पोरी पांढऱ्याफटक, दोघीतिघी प्रार्थनेला उभ्या उभ्या पडल्या होत्या. वाटायचं काम माझ्यावर. आमच्याकडं सगळ्या पोरी एका ओळीत उभ्या राहतात त्या फक्त सकाळच्या चहाला, म्हणून मी चहाच्या पिंपाशीच बसायचे. एक गोळी, एक पेला चहा, माझ्यासमोर गिळ, मग पुढं सरक. एक गोळी वाया जाऊ दिली नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई रक्त तपासायला आल्या, ते वाढलेलंच नव्हतं, आणि माझ्यावरच उखडल्या, पोरी गोळ्या फेकून देतात म्हणून. मी का ऐकून घेते? म्हटलं, “फेकते नै मॅडम, मेरे सामने गिटकते.”

“काहे से गिटकते?”

“चाय से.”

त्यांनी कपाळाला हात लावला. तेलुगू बाई, पण माझ्याशी इथल्या दखनी हिंदीत बोलतात. “अम्मा, चाय गोली को पकड के बैठ जाती. बदन को मिलने देतीच नै. पेट में गयी तो क्या, खून में जाना ना.” मग म्हणाल्या, लिंबूपाण्याबरोबर द्या, आधी-मागं तासभर चहा नको, आणि जमलं तर आंबट भाज्या लोखंडाच्या भांड्यात शिजवा, त्याचं लोखंड भाजीत उतरतं. माय, तुझी सगळी वाक्यं ती बाई बोलत होती, फक्त पळी न उगारता.

त्याच दिवशी कढई माळ्यावरून काढली. चिंच लावून घासली, तेल पाजलं. संध्याकाळी पोरी कॉलेजातून यायच्या वेळेला लिंबूपाण्याची बादली घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. गोळी गिळल्याशिवाय कुणी वर जायचं नाही. चहा एक तासाने. “आंटी, पोलीस में भर्ती हो जाओ,” एकजण म्हणाली. “हौ, पहले तू गिटक,” मी म्हटलं. भाजी पुन्हा काळी झाली, पुन्हा नाकं मुरडली, आणि मी पुन्हा तुझ्यासारखीच एक पळी जास्त वाढली. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला. सगळ्यांचं नाही, पण बहुतेकींचं रक्त चढलं होतं. त्या म्हणाल्या, डॉक्टरकी तुम्हीच करा. मी लाजले नाही. बरोबरच होतं.

आता हॉस्टेलला नव्या मॅडम आल्यात. त्यांच्या यादीत तुझी कढई ‘कंडम’ म्हणून लिहिलीय, मंगळवारी भंगाराची गाडी येणार. मी आडवी आले. मॅडम वाईट नाहीत. म्हणाल्या, ही पद्धत कुणाची, कुठून शिकलात, ते सोमवारी लिहून द्या, मी फाइलला लावते, कढई राहील. मी म्हटलं, माझ्या मायची. तर त्या सहज विचारून बसल्या, “उन को तो खून की कमी नै होगी फिर?”

मी कढई उचलली आणि आत घासायला नेली. 

तुलाच कमी होती. सगळ्यांना वाढून झालं की कढई खरवडलेली असायची, मग तू उभ्यानेच चहात पाव बुडवून खायचीस. शेवटच्या वर्षी गौलीगुड्याच्या घराचे दोन जिने चढताना चार वेळा बसायचीस. दवाखान्यातून ह्याच लाल गोळ्या आणल्या होत्या. तुला त्यांचा गंजका वास सहन व्हायचा नाही, आणि मला कामाला जायची घाई. मीच कडक चहा करून त्याच्याबरोबर तुझ्या तोंडात कोंबायचे. वर ओरडायचे, “इतक्या गोळ्या खातीस, एकबी अंगी लागंना तुझ्या.” तू पेल्यातला राहिलेला चहा संपवायचीस. गेलीस ती छातीच्या दुखण्याने, डॉक्टरांनी तसंच सांगितलं. पण ते जिने तुला जड झाले ते माझ्या चहाने.

हे मी कुणाला बोलले नाही. हा कागदही पिठाच्या डब्याखाली जाईल, टाकायला पत्ता कुठाय. पण फाइलीत तुझं नाव लागणार, पहिल्यांदाच, आणि ते मी लावणारच. एवढंच सांग, खाली मी तुला पाजलेल्या चहाचंही लिहू, की नको? पळी उगारू नकोस. यावेळी कारणासकट सांग. सोमवारी दहाला मॅडम येतात, त्याच्या आत.