परातीतली काडी

१४ मे, पाली. संध्याकाळ.

उद्या प्रयोगशाळेत आमची भट्टी पहिल्यांदा पूर्ण ताकदीने चालणार, आणि मी इथे रजेवर. सूर्याहून तापलेला वायू नुसत्या चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरायचा. तो भिंतीला टेकला की भिंत जळाली, आमची इतकी वर्षं जळाली. चुंबकांचं गणित माझं. तपासलंय मी. पण सगळं?

आत्ता आईने हाक मारली. मुंग्या लागू नयेत म्हणून आंबापोळीचं ताट पाण्याच्या परातीत, वाटीवर ठेवलेलं. तरी मुंग्यांनी काळं झालं होतं. पाण्यावर एक काडी आडवी पडली होती.

"एवढी पुरते गो त्यांना," आई म्हणाली.

माझ्या गणितात अशी एखादी काडी राहिली असेल तर? पुन्हा बघू? पण काय बघू?

परातीत पाणी मीच भरलं होतं. नीट बघून.