सोनेरी बाजूला गंध

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. दुपारी ४.१०. आयुधपूजेसाठी अप्पांचा संगणक उघडत आहे.

स्क्रू अकरा. बशीत ठेवले.

गेल्या आठवड्यात या जुन्या मशीनवर लिनक्स बसवले. पहिल्याच फटक्यात चालले. मराठी कीबोर्डही चालला. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षात सोडले म्हणून काही अडले नाही, हे यावरून सिद्ध होते.

अम्मा म्हणाली, वरून एक गंधाचा टिळा लाव, कुंकू लाव, झालं. सगळे असेच करतात. बाहेरच्या पत्र्याला मान, आणि आत राबणाऱ्यांना काही नाही. मी प्रत्येक भाग काढून केळीच्या पानावर मांडला. पंखा, हार्ड डिस्क, रॅमच्या दोन पट्ट्या. रॅमला सोनेरी बाजूला गंध लावले, कारण तीच बाजू आत जाऊन काम करते. गंध दाट उगाळले होते, वर कुंकू चांगले बसले. हरिता (बहीण, बी.कॉम. तिसरे वर्ष) तमिळमध्ये म्हणाली, अण्णा, मदरबोर्डला सुंडलही (नैवेद्याची हरभऱ्याची उसळ) वाढ, उपाशी आहे. लक्ष दिले नाही.

ही वही मी देवनागरीत लिहितो. तंजावुरात आमच्या मराठी घरांतही सगळे तमिळच लिहितात; अप्पा (वडील) गेल्यापासून घरात ती लिपी मलाच वाचता येते. वही टेबलावर उघडी असली तरी चालते. पासवर्ड लागत नाही.

२ ऑक्टोबर, विजयादशमी. सकाळी ११.

सगळे भाग परत बसवले. गंध छान वाळले होते, एक ठिपकाही पडला नाही.

वरुणराव मामा आले. राजवाड्यामागच्या गल्लीतले, अम्माचे चुलतभाऊ. ३० तारखेला त्यांच्या अखिलाचे लग्न. आपल्या बायकांची लग्नातली गाणी, त्यांच्या आईने हाताने लिहिलेले बेचाळीस कागद, मला टाइप करायला दिले. छोटे पुस्तक करून पाहुण्यांना वाटायचे. मामा म्हणाले, तुझ्यासारखं शुद्ध लिहिणारा तंजावुरात दुसरा कोण आहे रे, सुरेंद्रा. त्यांच्या मेहुण्यांची कुंभकोणमला प्रेस आहे, तिथे एक माणूस हवा आहे. हे नीट झालं की तुझं नाव घालतो, म्हणाले. आगाऊ एक हजार दिले. मुदत २२ तारीख. अम्मा आत जाऊन देवापुढे उभी राहिली. दोन वर्षांत माझ्या नावाने कोणी काम आणले नव्हते.

एका कागदाला अर्धा तास धरला. आठवडा पुरे. १० तारखेला देऊन टाकीन.

दुपारी १२. बटण दाबले. लांब बीप, पुन्हा पुन्हा. पडदा काळा. किरकोळ असणार.

४ ऑक्टोबर, शनिवार.

पडदा काळा. नेटवर वाचले: असा बीप म्हणजे मेमरीचा, म्हणजे रॅमचा दोष. नेट सरसकट बोलते. माझी मेमरी परवाच मी स्वतः काढून, पुसून, पूजा करून बसवली आहे. तिच्यावर संशय घेण्याचे कारण नाही. दोष वीजपुरवठ्याचा.

जुन्या बसस्टँडजवळच्या कदिरेशनकडून वापरलेला पॉवर सप्लाय आणला. ६५०. मशीन इथे घेऊन या, पाहतो, म्हणाला. पार्टच्या दुकानातली माणसे मशीन ठेवून घेतात आणि चांगले भाग बदलतात, असे ऐकून आहे. नेले नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.

नवा पॉवर सप्लाय. तोच बीप, पण आवाज जास्त स्वच्छ. प्रगती आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार.

मशीनमधल्या घड्याळाची बॅटरी बदलली. ४०. केबल बदलली. १२०. काळा.

लिनक्सच्या फोरमवर प्रश्न टाकला. चार परिच्छेद इंग्रजी, दोनदा तपासून. एकाने एका ओळीत उत्तर दिले: रॅम काढ, पट्टीची टोके पूस, परत बसव. वाक्याला कॅपिटल अक्षर नाही, शेवटी पूर्णविराम नाही. ज्याला पूर्णविराम देता येत नाही, त्याचा सल्ला कितपत घ्यायचा? आभार मानले.

११ ऑक्टोबर, शनिवार.

संशय कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर. फोनवरून पेनड्राइव्हवर दुसरा डिस्ट्रो (लिनक्सचाच दुसरा प्रकार) लिहिला. पडदा काळाच. तिसरा लिहिला. काळा. म्हणजे पहिला डिस्ट्रो बरोबरच निवडला होता.

हरिता म्हणाली, अण्णा, फोनवर टाइप कर ना. तिला समजावले की फोनवर जोडाक्षरांचा भरवसा नाही. मग हाताने लिही, झेरॉक्स काढू. हाताने तर लिहिलेलेच आहे, म्हणालो. त्यावर ती उठून आत गेली. मुद्दा पटला असावा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

आज विंडोज १०ची मुदत संपली. आता लोक जुनी मशीन घेऊन लिनक्स शोधत येतील. दाराशी पाटी लावावी. तमिळ, मराठी, इंग्रजी. मजकूर तयार केला. मशीन सुरू झाले की छापीन.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

वापरलेले ग्राफिक्स कार्ड. ९००. मामांचे हजार इथे संपले, बाकीचे अम्माने डब्यातून दिले. काही विचारले नाही. मला विचारले असते तर बरे वाटले असते, असे लिहून ठेवतो.

काळा.

२० ऑक्टोबर, दीपावली. सकाळी ७.

मामा मिठाई घेऊन आले. किती कागद झाले, विचारले. तांत्रिक बाजू नव्वद टक्के झाली, म्हणालो. हरिता खोकली. मामांनी एक कागद उचलला, उलटा धरून पाहिला, ठेवला. त्यांनाही देवनागरी येत नाही, हे माझ्या लक्षात नव्हते. जाताना दारात हरिताशी तमिळमध्ये काही बोलले.

२२ ऑक्टोबर, बुधवार.

आज मुदत. पाऊस. मामांना फोन केला, चार दिवस मागितले. ते म्हणाले, असू दे रे, झालं ते काम. रागावले नाहीत.

हरिताने सांगितले. ती दोन दिवस अंबुजा मावशीजवळ बसली. मावशी मामांची थोरली बहीण. सगळी गाणी तिला तोंडपाठ. मावशी गात गेली, हरिता फोनवर तमिळ अक्षरांत टिपत गेली. मराठी गाणी, तमिळ अक्षरे. प्रेसने तिला चार हजार दिले. कागद लागलेच नाहीत.

मी विचारले, तुला अर्थ कळतो का. म्हणाली, कळतो. बोलता येत नाही एवढंच.

बेचाळीस कागद क्रमाने लावून ठेवले. जेवलो. वत्तकोळंबू (चिंचेची आमटी) होते. चव लागली नाही, मीठ बरोबर असावे.

३० ऑक्टोबर, गुरुवार. लग्न.

पुस्तक तीनशे जणांना वाटले. मी पहिल्या पानावर चुका मोजल्या. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. एकतीसपर्यंत मोजले, मग जेवणाचे पान वाढले. मामांना दाखवले. ते म्हणाले, गाताना कुठे अडलं का?

कुठे अडले नव्हते. कधी न गाणाऱ्या मुलीही पुस्तक धरून गात होत्या. अम्मा गात होती. अप्पांच्या नंतर पहिल्यांदा. मी पंख्याखाली उभा होतो.

कुंभकोणमचे मेहुणे हरिताशी बोलत होते. डिसेंबरपासून शनिवार-रविवार तिने प्रेसमध्ये यायचे ठरले.

३ नोव्हेंबर, सोमवार. सायंकाळी ६.

मशीन भंगारात काढायचे ठरवून कदिरेशनकडे नेले. त्याने उघडले, रॅमची पट्टी उपसली, उजेडात धरली. हे काय आहे, विचारले. आयुधपूजा, म्हणालो. त्याने एकदा पट्टीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, सर, माझ्या दुकानात आम्ही शटरला लावतो.

शेजारच्या दुकानातून खोडरबर आणायला सांगितले. सोनेरी बाजू घासली. कुंकवाचा लाल चुरा पडला. बटण दाबले. चालू झाले. पैसे घेतले नाहीत.

त्याच सकाळी कर्नलची नवी आवृत्ती आली होती, हे त्याला माहीत नाही. मीही सांगितले नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ८.

मशीन उत्तम चालते. मराठी कीबोर्ड चालतो. पहिले गाणे टाइप केले, बावीस मिनिटांत, एकही चूक नाही. जतन केले. कोणाला पाठवावे ते सुचले नाही.

हरिताला प्रेसच्या कामासाठी मशीन हवे आहे. तमिळ कीबोर्ड बसवून दिला. अप्पांच्या खुर्चीवर ती बसते, मी पलंगावर बसून लिहितो. मामांचे हजार तिनेच त्यांना परस्पर परत देऊन टाकले, आज अम्माकडून कळले. तिने मला सांगितले नव्हते.

खर्च: पॉवर सप्लाय ६५०, बॅटरी ४०, केबल १२०, ग्राफिक्स कार्ड ९००, खोडरबर ५. एकूण १७१५.
मिळकत: नाही.
देणे: हरिता १०००, अम्मा ७१५. एकूण १७१५.

हिशेब जुळला. दोनदा तपासला.