पाहुण्यांसाठी बाबांची खोली

३ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
काल क्लबच्या सभेत शेवटी न्याय झाला. परदेशातून चार पाहुणे येतायत, त्यांच्या स्वागत समितीचं प्रमुखपद माझ्याकडे. आमच्या अध्यक्षांचं टायरचं दुकान आहे. माणूस बरा, पण कुठल्याही विषयावर बोलायला उभा राहिला की चौथ्या वाक्याला टायरवर येतो. पाहुणे बारा दिवस राहणार. अभ्यासाचा विषय वृद्धांची काळजी. नंतर आपल्यातला एक जण तीन आठवडे त्यांच्या देशात जाणार. कोण, ते पाहुण्यांचे अभिप्राय वाचून ठरणार. म्हणजे मीच. उगाच फॉर्म छापतायत.

दुसरे इच्छुक आमचे दंतवैद्य. या गृहस्थाला हसण्यापलीकडे काही येत नाही, आणि तेही धंद्याची जाहिरात म्हणून.

संकल्प : रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी. पोट दोन इंच कमी. दंतवैद्यांबद्दल वाईट बोलायचं नाही. (लिहायला हरकत नाही.)

५ ऑक्टोबर
एक पाहुणा आमच्याकडे उतरणार. घरात पाहुण्याला शोभेल अशी खोली एकच, बाबांची. मोठी खिडकी, आतच बाथरूम. बाबा एक्क्याऐंशीचे. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आता स्वतः वॉकर धरून चालतात. त्यांना एवढा उजेड घेऊन करायचंय काय? बायको म्हणाली, पाहुण्याला हॉलमध्ये झोपवा. वृद्धांच्या काळजीचा अभ्यास करायला आलेला माणूस हॉलमध्ये! क्लबची अब्रू जाईल. बायकांना या गोष्टी कळत नाहीत.

मी बाबांना प्रेमाने समजावलं. ते काही बोलले नाहीत, म्हणजे पटलं. त्यांचा पलंग मागच्या खोलीत, वॉशिंग मशीनशेजारी लावला. तिथे ऊबही असते.

७ ऑक्टोबर
इंग्रजी : आज नाही. घसा.

८ ऑक्टोबर, रात्री जेवणाआधी
भाषण तयार. ‘वृद्ध : समाजाचा अमूल्य ठेवा’. पंचेचाळीस स्लाइड. बाबांसमोर तालीम केली. आठव्या स्लाइडला त्यांना झोप लागली. माझ्या आवाजात मनाला शांत करणारं काहीतरी आहे.

हल्ली बाबा दुपारचा चहा झाला की पाण्याचा थेंब घेत नाहीत. या वयात केवढा संयम! भाषणात घालतो. सेहेचाळिसावी स्लाइड.

११ ऑक्टोबर
पाहुणे आले. आणि माझ्यावर अन्याय झाला. चौघांचा प्रमुख, उंच, दाढीवाला, प्राध्यापक, तो दंतवैद्यांच्या घरी. माझ्या वाट्याला कोण? चाळिशीचा, आडव्या अंगाचा एक गडी. सरळ विचारलं, आपण काय करता? म्हणाला, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालतो. एकोणीस वर्षं! आणि हे तो हसत सांगतो. याच्या अभिप्रायाला कोण विचारणार?

शेजाऱ्यांना ‘सीनियर कन्सल्टंट’ अशी ओळख करून दिली. त्याने लगेच दुरुस्त केली, हाताने पाठ चोळून दाखवत. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

१२ ऑक्टोबर
वृक्षारोपण. खड्डा दरवर्षीचाच, खणायचा त्रास नाही. रोप फोटो झाल्यावर नर्सरीत परत जातं, तशी बोली असते. आमच्या आंघोळवाल्याने फोटो झाल्यावर विचारलं, याला रोज पाणी कोण घालतं? अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, उपसमिती आहे.

पोट : अर्धा इंच जास्त. स्वागताचं जेवण क्लबच्या कामात धरायला हवं.

१४ ऑक्टोबर
भाषण अप्रतिम झालं. मागच्या दोन रांगा उठून गेल्या, पण त्यांना बसची घाई असावी. बाराव्या स्लाइडवर एका हसऱ्या म्हाताऱ्याचा फोटो होता, इंटरनेटवरून घेतलेला. आमचा आंघोळवाला उठून विचारतो, हे तुमचे वडील का? मी म्हणालो, नाही. मग तुमचे वडील कुठे असतात? माझ्या तोंडून निघून गेलं की लांब, बहिणीकडे. दंतवैद्य हसले. अख्खी बत्तिशी दाखवून.

खोटं कसलं! मागची खोली तशी लांबच आहे. चार दिवस बाबांना मी खोलीतच बसायची विनंती केलीय, तेवढीच त्यांना विश्रांती.

१५ ऑक्टोबर, सकाळी ६.४०
घात झाला. पाहुणा पहाटे पाणी प्यायला उठला आणि स्वयंपाकघरात बाबांशी गाठ पडली. मागच्या खोलीतून संडासला जायचं तर दोन पायऱ्या आणि अख्खं स्वयंपाकघर ओलांडावं लागतं. बाबा पायरीवर बसलेले, वॉकर खाली पडलेला. लागलं नाही काही. मी धावत गेलो तर हा माणूस जमिनीवर बसून बाबांचे ओठ बघतोय, हाताची कातडी चिमटीत धरतोय. मग मला म्हणाला, हे पाणी पीत नाहीत, कारण रात्री उठावं लागेल याची त्यांना भीती वाटते.

हे मला कोणी सांगितलं का? बाबांनी एका शब्दाने सांगायचं होतं. मी काय मनकवडा आहे?

(सेहेचाळिसावी स्लाइड काल दाखवून झाली. टाळ्या पडल्या होत्या.)

१६ ऑक्टोबर
पाहुणा आजच्या आदर्श वृद्धाश्रमाच्या भेटीला आलाच नाही. दुपारी घरी आलो तर बाबांचा पलंग पुन्हा खिडकीपाशी, आणि याची बॅग वॉशिंग मशीनवर. बायकोने पलंगाचं दुसरं टोक धरलं म्हणे. मला फोनसुद्धा नाही. या लोकांना गैरसोयीची हौसच असते, त्याला मी काय करू?

बाथरूममधून बाबांचं हसणं ऐकू येत होतं. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो येत नाही. बाबा असे कधी हसले होते, आठवून पाहिलं. आठवलं नाही. मला आज कामंही फार होती.

१९ ऑक्टोबर
दंतवैद्यांना सगळं कळलंय. मी सांगितलं, ते प्रात्यक्षिक होतं, आधीच ठरवलेलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला या माणसाचा हात खांद्यावर नको आहे.

२२ ऑक्टोबर
निरोपसमारंभ. अध्यक्षांनी अभिप्राय मोठ्याने वाचले. टायरचा उल्लेख फक्त एकदा. दाढीवाल्याने दंतवैद्यांच्या गच्चीचं कौतुक केलं. तीन आठवड्यांसाठी कोणाला पाठवावं, या जागी मात्र त्याने लिहिलं होतं की काळजीचं खरं काम आमचा आंघोळ घालणारा सहकारी करतो, त्याचं मत अंतिम समजा.

आणि आंघोळवाल्याने माझं नाव लिहिलं होतं! माझं! टाळ्या. मी उठून उभासुद्धा राहिलो. मग अध्यक्षांनी खालचं कारण वाचलं : ‘याला शिकण्याची सर्वांत जास्त गरज आहे. आमच्या वृद्धाश्रमात सकाळची पाळी देऊ. येण्याआधी घरी सराव करावा.’

हॉल हसला. ठराव एकमताने मंजूर. दंतवैद्यांनी अनुमोदन दिलं. काही असो, निवड झाली ती माझी. कारणाला कोण विचारतंय?

२४ ऑक्टोबर
सरावाला सुरुवात. बाह्या दुमडल्या, पाणी कोमट केलं, खुर्ची बाथरूममध्ये ठेवली. बाबांना म्हणालो, चला, आज मी घालतो. ते वॉकर घेऊन आत गेले आणि त्यांनी कडी लावून घेतली.

मी म्हणालो, बाबा, माझी आंतरराष्ट्रीय पातळीवर निवड झालीय. आतून म्हणाले, असू दे, मी करीन माझं माझं. मी विचारलं, त्या परक्या माणसाकडून घालून घेतलीत, मग माझ्याकडून काय हरकत आहे? त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाले, तुझ्यापुढे संकोच वाटतो रे.

टॉवेल घेऊन बाहेर उभा राहिलो. वीसेक मिनिटं. शेवटी कडी निघाली. दार हातभर उघडलं, बाबांनी हात बाहेर काढून टॉवेल घेतला, आणि दार पुन्हा लावून घेतलं.