स्टॅगर

प्रिय ताई,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं येतंय, लावून घे.

माझा परिचारिकांचा इंग्रजीचा वर्ग तुला माहीत आहेच. परदेशी नोकरीला निघालेल्या दहा-बाराजणी. रुग्ण कसा चालतो ते त्यांना इंग्रजीत नेमकं लिहावं लागतं, आणि त्या भाषेत चालण्याला क्रियापदं तरी किती! लंगडणं म्हणजे लिम्प, पाय ओढत जाणं म्हणजे शफल, मजेत रमतगमत फिरणं म्हणजे स्ट्रोल. घोकून घोकून कंटाळल्या, म्हणून गेल्या महिन्यात मी चिठ्ठ्यांचा खेळ काढला. चिठ्ठीतलं क्रियापद चालून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. चवड्यांवर चालून दाखवताना एकीने खुर्चीच पाडली, हसून हसून पुरेवाट झाली. मग माझी पाळी. मला स्ट्रोल आलं. हात मागे बांधून फळ्यापासून दारापर्यंत ऐटीत गेले, आणि सगळ्या एका सुरात ओरडल्या, "स्टॅगर!"

स्टॅगर म्हणजे झोकांड्या खाणं, ताई. दारुड्यासारखं.

मला वाटलं, थट्टा करताहेत. पुन्हा चालले. या वेळी कुणी हसलं नाही. वर्गातली सगळ्यात वयस्क, जिला आम्ही मेट्रन म्हणतो, ती उठली. "बाई, फरशीच्या या रेघेवरून चाला बघू. पावलापुढे पाऊल, चिकटवून." तीन पावलं जमली. चौथ्याला तिने धरलं नसतं तर बाकावर आदळले असते. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, आणि मला सरळ चालता येत नाही!

तपासण्या झाल्या. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग हळूहळू झिजतोय. घराण्यातून उतरणारा आजार. आधी चाल बिघडते, मग जीभ जड होते. डॉक्टरांनी विचारलं, आईवडिलांपैकी कुणी असं चालायचं का? मी फटकन म्हणाले, "वडील चालायचे, पण ते प्यायचे." आणि बोलता बोलताच मी स्वतःला विचारलं, खरंच प्यायचे?

ताई, आपण त्यांच्या हातात बाटली कधी पाहिली होती? वास तरी कधी आला? तुझ्या लग्नात ते सासरच्यांसमोर धडपडले, बोलताना अडखळले, आणि तू म्हणालीस, "आज तरी प्यायचं नव्हतं!" ते म्हणत होते, "पोरी, शपथ, थेंब नाही घेतला." मी तुझ्याच बाजूने उभी राहिले. त्याला एकोणीस वर्षं झाली. तू बोलणं टाकलंस. मी बोलत राहिले, पण विश्वास मीही ठेवला नाही. आई तर त्यांना बेवडा समजूनच गेली.

काल बाबांच्या खोलीवर गेले. आता पलंगावरून उठवत नाही त्यांना. सगळं सांगितलं आणि त्यांच्या पांघरुणात तोंड खुपसून रडले. वाटलं, आता तरी म्हणतील, बघा, मी सांगत नव्हतो? तसं काही म्हणाले नाहीत गं. कितीतरी वेळ एकच वाक्य जुळवत राहिले. तिसऱ्यांदा कुठे मला कळलं. "थोरलीला... आधी... तपासायला सांग." म्हणून हे पत्र. तपासून घे, ताई. आणि निकाल काहीही येवो, तो त्यांना तू स्वतः येऊन सांग.

तुझ्या चुकीत अर्धी वाटेकरी,
तुझीच धाकटी